जुनी लष्करी रायफल: नावाआधी नळी पाहा

या वेळच्या पत्रांचा विषय जवळपास एकच आहे: सैन्याच्या सेवेतून बाहेर पडलेल्या जुन्या बोल्ट रायफली (दर फैरीनंतर बोल्टचा दांडा हाताने चालवून पुढचे काडतूस चढवायच्या) शिकारीला आणि लक्ष्यवेधाला कितपत उपयोगी पडतात, आणि त्यांतली कोणती निवडावी. परवाना, शिकारीचा हंगाम आणि आपल्याकडे चालणारे कॅलिबर यांची चौकशी वाचकांनी आधीच केली आहे, असे धरून ही उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: मोसिन-नागांत ९१/३०, कार ९८के, ली-एनफील्ड नं. ४ आणि स्वीडिश माउझर एम/९६ अशा चार रायफली पाहून ठेवल्या आहेत. एकच घ्यायची आहे. हंगामात हरणाची शिकार आणि एरवी वर्षभर १०० ते ३०० मीटरवर कागदी लक्ष्य. कोणती घ्यावी?

चारही सारख्याच चांगल्या अवस्थेत असतील तर स्वीडिश घ्या. तिचे ६.५×५५ काडतूस आजही शिकारीचे काडतूस म्हणून सर्रास बनते, त्यामुळे सॉफ्ट पॉइंट (लागल्यावर पसरणारी, मऊ टोकाची) गोळी शोधत फिरावे लागत नाही. सुमारे ९ ग्रॅमची (१४० ग्रेन) गोळी सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास वेगाने निघते. म्हणजे ऊर्जा साधारण २,९०० जूल, आणि तरीही खांद्याला बसणारा धक्का चौघींत सर्वांत सौम्य. नळीतला पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा वळसा) २०० मि.मी.ला एक फेरा इतका घट्ट आहे. म्हणून लांब, जड गोळ्या हवेत स्थिर राहतात आणि ३०० मीटरवर वाऱ्याने कमी ढळतात. धक्का कमी असला की माणूस चापाशी दचकत नाही. नवशिक्याचे ग्रुप (लक्ष्यावर लागलेल्या गोळ्यांचे घोळके) मोठे येण्याचे पहिले कारण रायफल नसते, दचकणे असते.

तिचे तोटेही आहेत. एम/९६ ची एकूण लांबी १२६ सें.मी. आहे, दाट झाडीत ती अडते. बॅकसाइटची (नेम धरायच्या मागच्या साइटची) सर्वांत खालची खूण ३०० मीटरची, त्यामुळे १०० मीटरवर गोळी वर लागते (याचा उपाय पुढे दिला आहे). शिवाय ही १८९८ च्या आधीची माउझर रचना आहे. बोल्टच्या मागच्या बाजूला तिसरा सुरक्षा-लग (बोल्टला जागेवर अडकवणारा दात) नाही, आणि प्राइमर (काडतुसाच्या बुडातली, दारू पेटवणारी टिकली) फुटला तर मागे येणाऱ्या वायूपासून कार ९८के इतके संरक्षणही नाही. तिच्यात प्रमाणित दाबाचीच काडतुसे वापरा. वाढीव दाबाची काडतुसे तिच्यासाठी नाहीत. लांबीचीच अडचण असेल तर त्याच घराण्यातली ११२ सें.मी.ची एम/३८ पाहा.

कार ९८के चे यांत्रिक बळ या चौघींत सर्वांत जास्त. काडतूस मॅगझिनमधून सुटल्याबरोबर एक्स्ट्रॅक्टर त्याची कड पकडतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. शिकारीत, रायफल तिरकी असताना, घाईत बोल्ट मारला तरी दोन काडतुसे एकमेकांत अडकत नाहीत. बोल्टमध्ये वायू बाहेर काढणारी भोके आहेत, तिसरा लग आहे. तिचे ८×५७ आयएस काडतूस रानडुकराला आणि मोठ्या हरणालाही पुरते. फोरसाइट मात्र उलट्या व्ही आकाराची, बॅकसाइटची खाच बारीक, आणि दोन्हींमधले अंतर जेमतेम ५० सें.मी. कागदावर बारीक नेम धरायला ही जोडी कष्टाची आहे.

लक्ष्यवेधासाठी साइट हाच निकष लावला तर ली-एनफील्ड नं. ४ सरस ठरते. तिची बॅकसाइट डोळ्याजवळ आहे आणि ती भोकाची आहे. डोळा आपोआप मध्य शोधतो, आणि वय झालेल्या नजरेला हा फरक फार मोठा असतो. बोल्ट ६० अंशांतच उघडतो, मॅगझिन दहाचे. मात्र तिच्या लाकडाची आणि काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांची देखभाल करावी लागते, आणि ती करण्याची तयारी नसेल तर ही रायफल घेऊ नये.

मोसिन सर्वांत साधी आणि दणकट. तिच्यात बिघडण्यासारखे थोडेच आहे आणि जे बिघडते ते दुरुस्त होते. पण चाप जड, सेफ्टी लावायला बोल्टची मागची गुंडी जोर लावून ओढून डावीकडे वळवावी लागते, आणि युद्धकाळातल्या नळ्यांच्या मापांत फरक खूप. खाचांचा व्यास ७.८७ मि.मी.पासून ७.९८ मि.मी.पर्यंत कुठेही असू शकतो. मोसिनच घ्यायची असेल आणि मिळत असेल, तर फिनलंडची एम/३९ घ्या. तिची नळी जाड आहे, चापाला दोन टप्पे आहेत आणि साइटही चांगली आहे.

हे सगळे "सारख्याच अवस्थेत असतील तर" या अटीवर. प्रत्यक्षात त्या तशा नसतात. झिजलेल्या नळीच्या स्वीडिशपेक्षा चांगल्या नळीची मोसिन दहापैकी दहा वेळा घ्यावी. म्हणून पुढचा प्रश्न या प्रश्नापेक्षा महत्त्वाचा आहे.

प्रश्न: विकत घेण्याआधी अर्धा तास रायफल हाताळायला मिळणार आहे. काय पाहू, कोणत्या क्रमाने?

सोबत न्यायचे: छोटा टॉर्च, कापडाच्या चिंध्या, पितळी किंवा आवरण असलेला क्लीनिंग रॉड, थोडे सॉल्व्हंट, त्या कॅलिबरचे हेडस्पेस गेज, आणि दारू व प्राइमर नसलेले डमी काडतूस. जिवंत काडतुसाने कोणतीही तपासणी करू नये.

आधी मॅगझिन आणि चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसायची जागा) रिकामे असल्याची खात्री करा. डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. मग बोल्ट काढा आणि नळी पुसा. पुसण्याआधी नळीत पाहून काहीच कळत नाही. साठवणुकीचे ग्रीस खड्डे झाकते आणि चमकदार तेल झीज झाकते. दोन-तीन ओल्या चिंध्या, मग कोरड्या, आणि मगच टॉर्च. खाचांच्या कडा धारदार दिसायला हव्यात. काळसर पण धारदार नळी बहुधा चांगला नेम देते. चकचकीत पण गोलसर कडांची नळी देत नाही. गंजाचे बारीक खड्डे खाचांत विखुरलेले असतील तर फार बिघडत नाही, पण तेच खड्डे चेंबरच्या लगेच पुढे किंवा नळीच्या तोंडाच्या शेवटच्या दोन सें.मी.त असतील तर रायफल सोडून द्या.

नळीचे तोंड वेगळे तपासा. सैनिक वर्षानुवर्षे पोलादी रॉड तोंडाकडूनच घालत. ब्रिटिश रायफलींत दोरी ओढून नळी साफ करत, आणि दोरी सतत एकाच बाजूला घासली की तोंड अंडाकृती होते. डमी काडतूस उलटे धरून गोळीचे टोक तोंडात घाला. गोळीचा बराच भाग पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) मानेआधी बाहेर राहिला तर तोंड ठीक. मान थेट तोंडाला टेकली तर तोंड झिजलेले, नाही तर ते आतून मोठे केलेले. मोसिनमध्ये असे मुद्दाम मोठे केलेले तोंड बऱ्याचदा दिसते. शस्त्रशाळेने झिजलेला भाग तासून पीळ आत चांगल्या जागेपासून सुरू केलेला असतो. तशी रायफल चांगली चालू शकते, म्हणून अशा नळीवर डमीच्या चाचणीवरून निकाल देऊ नका. टॉर्चने आतली कड पाहा.

नंतर हेडस्पेस. बोल्टचे टोक आणि चेंबरमधले काडतूस यांच्यात किती मोकळीक आहे, ते हे माप सांगते. "गो" गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, "नो-गो"वर होऊ नये. लष्करी रायफलींत नो-गोवर बंद होऊन "फील्ड"वर थांबला तरी ती बाद ठरत नाही, पण पितळ लवकर थकेल. फील्डवरही बंद झाला तर तिच्यातून एकही गोळी झाडायची नाही. .३०३ (ली-एनफील्डचे काडतूस) साठी गो १.६३ मि.मी. आणि फील्ड १.८८ मि.मी. आहे. तपासताना बोल्टमधील फायरिंग पिन आणि एक्स्ट्रॅक्टर शक्य असेल तर काढा, आणि दांडा दोन बोटांनीच दाबा. जोर लावला तर कोणताही बोल्ट बंद होतो.

आता नंबर जुळवा. बोल्ट आणि रिसीव्हर (बोल्ट ज्यात चालतो तो धातूचा सांगाडा) यांचे नंबर वेगळे असले म्हणजे रायफल वाईट असे नाही. पण मग हेडस्पेस गेज टाळून चालणार नाही. ली-एनफील्डचे लग त्या त्या रिसीव्हरला हाताने बसवलेले असत, म्हणून तिथे नंबर जुळणे जास्त महत्त्वाचे.

शेवटी लाकूड. दस्त्यावरच्या ओरखड्यांकडे दुर्लक्ष करा. रिसीव्हरच्या शेपटीमागे आणि मॅगझिनच्या भोवती लाकडाला चिरा आहेत का, ते पाहा. धक्का तिथे बसतो. फोर-एंड (नळीखालचे पुढचे लाकूड) हलवून पाहा. खडखडत असेल तर ग्रुप पसरतील.

प्रश्न: स्विस के-३१ आणि स्वीडिश एम/९६ यांतली केवळ निशाणबाजीसाठी कोणती?

के-३१. ६५ सें.मी.ची नळी, दोन टप्प्यांचा स्वच्छ चाप, आणि तिच्यासाठीच बनलेले जीपी-११ काडतूस: ११.३ ग्रॅमची गोळी, सुमारे ७८० मीटर प्रतिसेकंद. बोल्ट सरळ मागे-पुढे चालतो, त्यामुळे दोन फैरींमध्ये रायफल खांद्यावरून हलत नाही. स्वीडिश तिच्या फार मागे नाही. फरक काडतुसाच्या सातत्याचा आहे.

स्वतः काडतुसे भरणाऱ्यांनी एक जपावे. के-३१ चे चेंबर पुढे आखूड आहे, म्हणजे गोळी लगेच पिळाला टेकते. इतर ७.५ मि.मी. स्विस रायफलींसाठी दिलेल्या लांबीवर गोळी बसवली तर बोल्ट जोर लावून बंद करावा लागेल, आणि न झाडलेले काडतूस काढताना गोळी नळीतच अडकून दारू मॅगझिनमध्ये सांडेल. डमी काडतूस बनवून लांबी आधी ठरवा. सरळ ओढीच्या बोल्टला चिकटलेली पुंगळी सोडवण्याची ताकद फिरत्या बोल्टइतकी नसते, म्हणून वंगणाचे डाग असलेली किंवा खरवडलेली पुंगळी तिच्यात घालू नये.

प्रश्न: मोसिनचा बोल्ट पहिल्या पाच-सहा फैरींनंतर उघडत नाही. हातोडी मारावी लागते. रायफल खराब आहे का?

बहुधा नाही. आधी रिकाम्या रायफलीचा बोल्ट उघडून पाहा. रिकामी सहज उघडते आणि झाडल्यावरच अडते, तर दोष चेंबरमध्ये आहे. दशकांपूर्वी लावलेले ग्रीस चेंबरच्या भिंतीवर पातळ थर होऊन सुकलेले असते. नळी तापली की तो थर चिकट होतो आणि पुंगळीला धरून ठेवतो. वार्निश लावलेल्या पोलादी पुंगळ्यांनी त्रास वाढतो. नळी साफ झाली म्हणून चेंबर साफ झाले असे नाही. नळीचा ब्रश चेंबरमध्ये सैल जातो आणि भिंतीला लागतच नाही.

चेंबरच्या मापाचा ब्राँझचा जाड ब्रश घ्या, तो मिनरल स्पिरिटमध्ये बुडवा आणि चेंबरमध्ये गोल फिरवा. दहा मिनिटे मुरू द्या, पुसा, पुन्हा करा. चिंधीवर तपकिरी डाग येणे थांबेपर्यंत करत राहा. चार-पाच वेळा लागतात. एमरी पेपर चेंबरमध्ये घालू नका. चेंबर एकदा मोठे झाले की परत लहान होत नाही.

रिकामी असतानाही दांडा उचलायला जड जात असेल, तर बोल्टची मागची उतरण पाहा. कॉकिंग पीस (बोल्टची मागची गुंडी) जिथे घासत वर चढतो, तिथे खरखर किंवा खरवड असेल तर बारीक ऑइलस्टोनने फक्त ती खरवड काढा, उताराचा कोन बदलू नका, आणि तिथे तेलाऐवजी थोडे ग्रीस लावा.

बोल्ट खोललाच आहे, तर फायरिंग पिन किती बाहेर येते तेही तपासा. मोसिनसोबतच्या मूळ अवजारावर ७५ आणि ९५ अशा दोन खाचा असतात, म्हणजे सुमारे १.९ आणि २.४ मि.मी. कॉकिंग पीस पुढे सोडलेल्या स्थितीत पिन ७५ च्या खाचेला लागली पाहिजे आणि ९५ च्या खाचेखालून न लागता गेली पाहिजे. पिन आखूड असेल तर फैर चुकते. लांब असेल तर प्राइमर भोकसला जातो आणि गरम वायू मागे येतो. पिन स्क्रूसारखी फिरवून माप जुळवता येते, आणि शेवटी तिच्या मागच्या टोकावरची खाच कॉकिंग पीसवरच्या खुणांशी सरळ रेषेत यावी लागते.

हातोडी मात्र बंद करा. विशेषतः फैर उडाली नसेल, काडतूस आत जिवंत असेल, तेव्हा तोंड सुरक्षित दिशेला ठेवून निदान ३० सेकंद थांबा आणि मगच हाताने प्रयत्न करा.

प्रश्न: .३०३ च्या पुंगळ्या दुसऱ्या-तिसऱ्या भरणीनंतर बुडाजवळ तुटतात. एकदा पुढचा अर्धा भाग चेंबरमध्येच राहिला. ली-एनफील्ड नं. ४ आहे. हेडस्पेस फील्ड गेजवर ठीक आहे. मग चूक कुठे?

चूक पुंगळी पूर्ण साइझ करण्यात (डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून सगळी मूळ मापावर आणण्यात) आहे. .३०३ हे कड असलेले काडतूस. हेडस्पेस कडेच्या जाडीवर मोजले जाते, पुंगळीच्या खांद्यावर (मानेखालच्या उतारावर) नाही. चिखलातही बोल्ट बंद व्हावा म्हणून युद्धकाळात चेंबर मुद्दाम सैल ठेवले जात, खांदा बराच पुढे. पहिल्या फैरीत पुंगळीची पुढची भिंत दाबाने चेंबरला चिकटते, बूड मात्र मागे बोल्टपर्यंत सरकते, आणि मधले पितळ ताणून पातळ होते. त्यात लग बोल्टच्या मागच्या टोकाला असल्याने दाबाखाली बोल्ट आणि रिसीव्हर थोडे लवचिक वागतात. मग पूर्ण साइझिंग डाय खांदा पुन्हा मागे ढकलतो, आणि पुढच्या फैरीत तेच ताणणे नव्याने. कडेपासून साधारण एक सें.मी. वर भिंतीवर उजळ वलय दिसू लागले की पुंगळी संपली.

उपाय असा. नव्या पुंगळीच्या पहिल्या फैरीला कडेपुढे एक पातळ रबरी ओ-रिंग चढवा. बोल्ट बंद केल्यावर ती दबते आणि बूड बोल्टला टेकवून ठेवते. ताण बुडाऐवजी खांद्याकडे जातो, आणि पुंगळी पुढे फुगून चेंबरच्या आकाराची होते. त्यानंतर फक्त मान साइझ करा. त्या पुंगळ्या त्याच रायफलीसाठी वेगळ्या ठेवा; दुसरीत त्या शिरणारही नाहीत. दर भरणीआधी बारीक तारेचे टोक काटकोनात वाकवून पुंगळीच्या आत बुडाजवळ फिरवा. खळगा जाणवला तर ती पुंगळी फेकून द्या.

नं. ४ मध्ये बोल्टची डोकी ०, १, २ आणि ३ अशा क्रमांकांत येतात, आणि प्रत्येक क्रमांकाला लांबी साधारण ०.०८ मि.मी.ने वाढते. डोके बदलून हेडस्पेस घट्ट करता येतो, पण वरचा त्रास त्याने थोडाच कमी होईल, कारण सैलपणा खांद्याकडे आहे. नं. १ (एसएमएलई) ची डोकी अशी क्रमांकित नसतात.

ग्रुप वाढत असतील तर आधी लाकूड पाहा. नं. ४ ची नळी फोर-एंडच्या टोकावर साधारण दोन किलोच्या दाबाने टेकलेली असावी. तोंडाजवळ नळी बोटांनी वर उचला. थोड्या जोराने उचलली जाऊन सोडल्यावर परत टेकली पाहिजे. सहज तरंगत असेल तर कोरडे पडलेले लाकूड आकसले आहे. कच्चे जवसाचे तेल पातळ हातांनी, दोन हातांमध्ये एक दिवस सोडून लावा, नळीच्या खोबणीतही.

एसएमएलई असलेल्यांसाठी एक इशारा: दस्ता काढण्याआधी फोर-एंड काढा. दस्त्याच्या आतल्या लांब बोल्टचे चौकोनी टोक फोर-एंडमधल्या पट्टीत अडकलेले असते. तसाच बोल्ट फिरवला तर शंभर वर्षांचे लाकूड मागून फाटते.

प्रश्न: एम/९६ सर्वांत खालच्या खुणेवर ठेवूनही १०० मीटरवर २० सें.मी. वर मारते.

३०० मीटरच्या खुणेवर हे अपेक्षितच आहे. बॅकसाइट आणखी खाली जात नाही, म्हणून फोरसाइट उंच करायची. किती, ते असे काढा: चूक गुणिले दोन्ही साइटमधले अंतर, भागिले लक्ष्याचे अंतर. तुमच्या रायफलीवर टेपने मोजा. समजा ते ६५ सें.मी. आले, तर २० × ६५ ÷ १०,००० = ०.१३ सें.मी., म्हणजे १.३ मि.मी. उंच पाते हवे. या रायफलींसाठी वेगवेगळ्या उंचीची पाती बनलेली आहेत. थोडे जास्तच उंच घ्या आणि मैदानावर कानसेने उतरवत जा. पाते जितके उतरेल तितकी गोळी वर जाते, म्हणून दर तीन-चार घासांनंतर पाच गोळ्यांचा ग्रुप घ्या.

डावी-उजवी चूक फोरसाइट सरकवून काढायची, आणि ती ज्या बाजूला गोळी लागते त्याच बाजूला सरकवायची. उजवीकडे लागत असेल तर उजवीकडे. पुष्कळ जण हे उलटे करतात आणि मग रायफलीला दोष देतात.

मोसिन ९१/३० वाल्यांनी लक्षात ठेवावे की ती संगीन लावून झिरो केलेली (गोळी नेमावर लागेल अशी साइट जुळवलेली) असे. संगीन काढली की मारा बाजूला सरकतो. तो दोष नाही. वरच्या रीतीने नव्याने झिरो करा.

प्रश्न: जुनी लष्करी काडतुसे वापरली की नळी गंजते म्हणतात. तेल लावून ठेवले तरी गंज आला. का?

कारण तेलात मीठ विरघळत नाही. जुन्या प्राइमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरते. हे एक मीठच आहे. ते हवेतला ओलावा ओढते आणि तेलाच्या थराखालीही पोलाद खात राहते. ते काढायला पाणी लागते. अमोनियाच्या द्रवांनी काम होते ते त्यांतल्या पाण्यामुळे. अमोनिया फक्त तांब्याचा थर काढतो.

त्याच दिवशी हे करा. बोल्ट काढा, नळीचे तोंड खाली धरा, चेंबरला नळी जोडलेले फनेल लावा आणि अर्धा लिटर उकळते पाणी ओता. लाकडात पाणी शिरू देऊ नका. गरम पाण्याने धातू तापतो आणि लवकर वाळतो. तीन ओल्या चिंध्या, मग कोरड्या येईपर्यंत कोरड्या, मग नेहमीचे सॉल्व्हंट आणि शेवटी तेल. बोल्टचे तोंड आणि फायरिंग पिनचे टोक ओल्या कापडाने पुसायला विसरू नका. एसकेएससारख्या वायूवर चालणाऱ्या रायफलीत पिस्टन आणि गॅस ट्यूबही धुवावी लागते. दुसऱ्या दिवशी एक कोरडी चिंधी घाला; तपकिरी आली तर सगळे पुन्हा. ज्या जुन्या साठ्याबद्दल खात्री नाही, तो असाच गंज आणणारा धरून चाला.

प्रश्न: ८ मि.मी. माउझरची गोळी ८.०८ की ८.२२ मि.मी.? दोन्ही वाचले आहे.

दोन्ही खरे आहे, आणि गल्लत धोक्याची आहे. १८८८ च्या जर्मन रायफलीची गोळी सुमारे ८.०८ मि.मी. होती, १९०५ च्या नव्या "एस" काडतुसात ती ८.२२ मि.मी. झाली. बाहेरून दोन्ही काडतुसे सारखीच. मोठी गोळी जुन्या अरुंद नळीतून झाडली तर दाब खूप चढतो. कार ९८के निःसंशय "एस" आहे. १८८८ ची रायफल किंवा जुनी जर्मन शिकारी रायफल असेल तर मऊ शिशाचा गोळा तेल लावून नळीतून ढकला आणि खाचांचा व्यास मायक्रोमीटरने मोजा. ८.१ मि.मी.च्या आत आला तर आजची आयएस (मोठ्या, ८.२२ मि.मी. गोळीची) काडतुसे तिच्यात घालायची नाहीत.

प्रश्न: स्प्रिंगफील्ड १९०३ मिळते आहे, स्प्रिंगफील्ड आर्मरीची, नंबर सहा लाखांच्या घरातला. नळी उत्तम. शिकारीला चालेल?

भिंतीवर चालेल, झाडायला नाही. स्प्रिंगफील्ड आर्मरीचे ८,००,००० च्या खालचे आणि रॉक आयलंडचे २,८५,५०७ च्या खालचे रिसीव्हर ठिसूळ असू शकतात. घडवताना पोलाद किती तापले ते कारागीर रंगावरून डोळ्यांनी ठरवत. लख्ख उजेडाच्या दिवशी तोच रंग फिका दिसे आणि पोलाद जास्त तापवले जाई. पुंगळीचे बूड फुटले तर असा रिसीव्हर वाकत नाही, तुकडे होऊन उडतो. आधी हजार गोळ्या सुखरूप गेल्या यावरून काही सिद्ध होत नाही. १९०३ चे .३०-०६ काडतूसच हवे असेल तर १९०३ए३ पाहा. तिची बॅकसाइट भोकाची आहे आणि ती नव्या पोलादाची आहे.

प्रश्न: एम-१ गॅरँडमध्ये बाजारातली १८० ग्रेनची .३०-०६ शिकारी काडतुसे वापरली तर?

ऑपरेटिंग रॉड (वायूच्या जोराने बोल्ट मागे नेणारा दांडा) वाकण्याचा धोका आहे. नळीच्या तोंडाजवळच्या भोकातून घेतलेल्या वायूवर ही रायफल चालते. जड गोळीमागची संथ जळणारी दारू त्या भोकापाशी गोळी पोहोचते तेव्हाही जास्त दाब धरून असते, आणि रॉड ठरल्यापेक्षा जोरात मागे फेकला जातो. १५० ग्रेनची, गॅरँडसाठी म्हणून दिलेली काडतुसे घ्या, किंवा दाब कमी-जास्त करता येणारा गॅस प्लग बसवा. घरी काडतुसे भरत असाल तर प्राइमर पुंगळीच्या बुडाच्या पातळीखाली बसला आहे हे प्रत्येकीवर बोट फिरवून पाहा. फायरिंग पिनला स्प्रिंग नाही. बोल्ट पुढे आपटताच ती प्राइमरला हलकी टोचते.

प्रश्न: लष्करी, पूर्ण आवरणाची गोळी शिकारीला का नको? भेदते तर चांगलीच.

भेदते, पण पसरत नाही. बारीक भोक पाडून आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन दूर पळते. पुष्कळ देशांत तिला शिकारीत बंदी आहे आणि ती योग्यच आहे. सॉफ्ट पॉइंट घ्या, आणि तिच्यासाठी झिरो वेगळा तपासा. लष्करी गोळीचा झिरो तिला लागू पडत नाही.

अंतराचा हिशेबही इथेच सांगतो. हरणाच्या छातीतला मर्मभाग साधारण २० सें.मी. व्यासाचा. तुमच्या रायफलीचा ग्रुप १०० मीटरवर १२ सें.मी. असेल तर १५० मीटरवर तो १८ सें.मी. होतो, आणि हे टेकू घेऊन, दम न लागलेला असताना. म्हणजे त्या रायफलीची शिकारीची मर्यादा १०० मीटर. टेकून नव्हे, बसून आणि उभ्याने मारलेल्या ग्रुपवरून आपली मर्यादा ठरवा.

प्रश्न: आखूड म्हणून मोसिन एम-४४ कार्बाइन घेऊ का?

नको. आखूड नळीत पूर्ण ताकदीचे काडतूस: आवाज आणि ज्वाला प्रचंड, धक्का जास्त, वेग कमी. ली-एनफील्ड नं. ५ बद्दलही तेच. तिचा झिरो भटकतो अशी जुनी तक्रार आहे.

प्रश्न: कार ९८के वर दुर्बीण बसवायची आहे. रिसीव्हरला भोके पाडावी लागतील, दांडा वाकवावा लागेल. करावे का?

नंबर जुळणारी, मूळ अवस्थेतली रायफल असेल तर करू नका. भोक एकदा पडले की बुजत नाही, आणि अशा रायफली आता नव्याने बनत नाहीत. ज्यांना दुर्बीण हवीच आहे, त्यांनी आधीच कुणीतरी कापून शिकारीसाठी बदललेली ९८ शोधावी. तिच्यात दांडा वाकवलेला, सेफ्टी बुटकी केलेली आणि रिसीव्हरला भोके असतात. संग्राहकांना ती नको असते. त्यातही सेफ्टी तिन्ही स्थितींत पक्की बसते का पाहा: सेफ्टी लावा, चाप ओढा, सोडा, सेफ्टी काढा. पिन पुढे पडली तर ती रायफल जंगलात नेण्याजोगी नाही.

मूळ रायफलीला न दुखवता करायचे तर बॅकसाइटच्या जागी बसणारा माउंट आणि लांब आय-रिलीफची कमी शक्तीची दुर्बीण वापरा. ती डोळ्यापासून २५ सें.मी.च्या आसपास पुढे राहते, त्यामुळे दांडा, सेफ्टी आणि चार्जर क्लिप सगळे मोकळे राहते. मोसिनलाही हेच जमते. के-३१ पुंगळी वर-उजवीकडे फेकते, म्हणून तिला डावीकडे सरकवलेला, चिमट्यासारखा माउंट लागतो. कोणत्याही बाबतीत गाल टेकायची जागा उंचवावी लागते, कारण हे दस्ते उघड्या साइटसाठी बेतलेले आहेत. दस्त्यावर बांधता येणारी चामड्याची गादी त्याला पुरते.